जमिनीवर ठणठणीत, चढताना गुदमरते: घरी बांधलेल्या विमानाचे इंधन नेमके कुठे अडते?

जमिनीवर पूर्ण थ्रॉटल दिला की इंजिन खणखणीत बोलते. दोन्ही मॅग्नेटो (ठिणगी पुरवणारी यंत्रे) ठीक, तेलाचा दाब ठीक, तापमान ठीक. विमान पळते, जमीन सोडते, आणि दोन-तीनशे फुटांवर इंजिनाचा आवाज बदलतो. कोणीतरी नरडे आवळावे तसे ते गुदमरते. माझ्या विमानाच्या तिसऱ्या उड्डाणात हे झाले. त्यानंतर घरी विमान बांधणाऱ्या बऱ्याच मित्रांच्या हँगरमध्ये याच दुखण्यासाठी मी कंबर वाकवून काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, शिरलो आहे. इंजिन बहुतेक वेळा निर्दोष निघते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या (जिथे इंधन हवेत मिसळते) त्या काही फुटांच्या वाटेत, जी आपण स्वतःच्या हाताने बांधलेली असते, काहीतरी अडलेले असते.

आधी एक गोष्ट. हे लक्षण एकदा जरी दिसले तरी उड्डाण बंद. "परत एकदा उडवून बघू, होतंय का ते" असे म्हणणारे मी पाहिले आहेत आणि प्रत्येकाला हात जोडून थांबवले आहे. हा दोष जमिनीवर शोधता येतो, म्हणून तो जमिनीवरच शोधायचा.

लक्षणे

उचलल्यावर अर्ध्या ते एका मिनिटात आरपीएम घसरू लागतो, आणि नाक खाली केले किंवा थ्रॉटल थोडा मागे घेतला की इंजिन सावरते. या एका खुणेवरच मी इंधनाचा संशय घेतो, कारण मागणी कमी करताच पुरवठा पुरतो असा तिचा अर्थ होतो.

इंधनदाबाचा काटा थरथरतो किंवा हळूहळू बसत जातो. इंजिन मॉनिटर असेल तर नोंद काढून बघा: सगळ्या सिलिंडरांचे एक्झॉस्ट तापमान एकदम वर जाऊन मग कोसळले असेल तर मिश्रणात इंधन कमी पडले. एकाच सिलिंडरचे तापमान वेगळे वागत असेल तर प्लग, वायर किंवा इंजेक्टरकडे वळा. हा लेख तुमच्यासाठी नाही.

उतरल्यावर टाकीचे झाकण उघडताना 'फुस्स' असा आवाज येतो. किंवा पहिले उड्डाण व्यवस्थित होते आणि उन्हात वीसेक मिनिटे उभे राहिल्यावर दुसऱ्या उड्डाणात त्रास होतो. या दोन खुणा दोन वेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात, पुढे येतीलच.

दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला तरी शक्ती अशीच जाते. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा, दिल्यावर इंजिन आधी आणखी खडबडते आणि मग सुधारते, तेव्हा तो बर्फ असतो. तेवढे आधी वगळून घ्या.

जमिनीवर का कळत नाही

हे समजले की पुढची प्रत्येक तपासणी आपोआप समजते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये थोडे इंधन साठलेले असते. समजा पूर्ण शक्तीवर इंजिनाला मिनिटाला 580 मिलिलिटर लागते आणि वाटेतल्या अडथळ्यामुळे 400 च पोहोचते. तूट 180 ची. बाऊलमध्ये 150 मिलिलिटर असेल तर तो साठा पन्नास सेकंद ही तूट झाकतो. जमिनीवर आपण पूर्ण थ्रॉटल किती वेळ ठेवतो? दहा-पंधरा सेकंद. इंजिन तापेल म्हणून लगेच मागे घेतो. पन्नासावे सेकंद येते तेव्हा विमान झाडांच्या वर असते, नाक आकाशाकडे, वेग कमी.

शिवाय जमिनीवर विमान चढाईच्या मानाने सपाट उभे असते. चढताना नाक वर जाते, टाकीतले इंधन मागच्या भिंतीकडे सरकते, आणि उंच पंखांच्या विमानात टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्या पातळीतले अंतरही बदलते. म्हणून सपाट विमानावरचा ग्राउंड रन या दोषाबद्दल काहीच सांगत नाही.

पहिली तपासणी: टाकीचा श्वास

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटे. टाकीतून जेवढे इंधन जाते तेवढी हवा आत यायला हवी. ती आणणारी नळी, म्हणजे व्हेंट, बंद असेल तर आत निर्वात पोकळी वाढत जाते आणि शेवटी प्रवाह थांबतो. झाकण उघडताना येणारे 'फुस्स' हेच सांगत असते.

व्हेंटच्या नळीला स्वच्छ रबरी नळी लावून हलकेच फुंका, झाकण उघडे ठेवून. फुंकर सहज गेली पाहिजे. कंप्रेसर लावू नका, टाकीचे सांधे उसवतील. कुंभारीण माशीला ही नळी फार आवडते. आठवडाभर उभ्या विमानातही ती मातीचे बूच मारून जाते. माझ्या विमानात तर रंगकामाच्या वेळी चिकटवलेल्या टेपचा नखाएवढा तुकडा नळीच्या तोंडावर राहिला होता, वर त्याच रंगाचा हात बसलेला. प्री-फ्लाइटमध्ये मी त्यावरून दोनदा बोट फिरवले होते आणि मला तो जाणवला नव्हता. तेव्हापासून मी व्हेंट बोटाने तपासत नाही, फुंकूनच बघतो.

मग नळीचे तोंड कुठे आहे ते बघा. ते येणाऱ्या हवेकडे असले तर टाकीत थोडा दाब मिळतो, मागे वळलेले असले तर उलट शोषण होते. 60 नॉट वेगाला समोरच्या हवेचा दाब साधारण 8 सेंटिमीटर उंचीच्या इंधनाएवढा भरतो. हे किरकोळ वाटेल, पण गुरुत्वावर चालणाऱ्या विमानात टाकी आणि कार्ब्युरेटरमध्ये अर्धा मीटरच उंची असेल तर त्यातले 8 सेंटिमीटर मिळणे आणि गमावणे यांत मोठा फरक आहे. दोन टाक्या एकदम वापरत असाल तर दोन्ही व्हेंटची तोंडे सारख्याच कोनात हवीत, नाहीतर एका टाकीतून जास्त आणि दुसरीतून कमी इंधन ओढले जाते.

दुसरी: गाळण्या आणि त्यात सापडणारा कचरा

गॅस्कोलेटरचा, म्हणजे इंधनवाटेतल्या सर्वांत खालच्या गाळणीचा, पेला उघडा, जाळी पांढऱ्या कापडावर झटका. टाकीच्या आतली बोटासारखी जाळी, फिंगर स्ट्रेनर, काढता येत असेल तर तीही काढा. कारखान्याच्या विमानात इथे बहुधा पाणी किंवा गंज सापडतो. आपल्या विमानात आपण स्वतः टाकलेला कचरा सापडतो, आणि तो काय आहे यावरून पुढचा रस्ता ठरतो.

अॅल्युमिनियमचा कीस म्हणजे भोके पाडल्यावर टाकी नीट धुतली गेली नाही. रबरासारखे करडे तुकडे सीलंटचे. फायबरग्लासची भुकटी संमिश्र टाकीची. हे तिन्ही काही उड्डाणांत कमी होत जातात, म्हणून पहिल्या काही तासांत प्रत्येक उड्डाणानंतर गाळणी उघडायची. पापुद्रे निघत असतील तर मात्र प्रकरण वेगळे आहे: टाकीच्या आत ओतलेले सीलर सुटते आहे, आणि ते आज थोडे, उद्या ओंजळभर निघेल. बोटाला चिकट, मऊ असे काही लागले आणि इंधनात इथेनॉल असेल, तर ते टाकीचे रेझिन किंवा सीलर विरघळवत असू शकते. पापुद्रे किंवा चिकटपणा, दोन्हीपैकी काहीही दिसले की टाकी बाद समजून खाली 'कुठे थांबायचे' तिथे जा.

पांढरे तंतू दिसले तर कोणीतरी जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळली आहे. नळकामाची ती सवय इथे घातक ठरते. टेपचा धागा कार्ब्युरेटरच्या नीडलखाली, म्हणजे इंधन आत सोडणाऱ्या सुईखाली, जाऊन बसतो. निमुळत्या आट्यांना इंधनाला टिकणारी पेस्ट लावा, तीही पहिले दोन आटे कोरडे सोडून. फ्लेअर केलेल्या (नळीचे टोक पसरवलेल्या) जोडांना काहीच लावायचे नसते.

तिसरी: सिलेक्टर व्हॉल्व्ह

कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. मूठ फिरवा आणि प्रत्येक जागी 'टक्' बसते का ते हाताला जाणवू द्या. मूठ आणि आतला व्हॉल्व्ह यांच्यात लांब दांडा किंवा युनिव्हर्सल जॉइंट असेल तर मूठ 'डावी' दाखवते आणि व्हॉल्व्ह पाऊणच उघडलेला असतो. ग्राउंड रनला तेवढे पुरते, चढाईला पुरत नाही.

सीटवर पट्टा बांधून बसा आणि मूठ न बघता फिरवा. खांदा वळला, मान वळली, पाय हलला तर मूठ चुकीच्या जागी आहे. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 रोजी ज्या लाँग-ईझेड या घरगुती बांधणीच्या विमानाच्या अपघातात गेले, त्यात सिलेक्टर बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. मूठ फिरवायला मागे वळावे लागे, आणि वळताना पाय रडरवर दाबला जाण्याची शक्यता होती. ते विमान त्यांनी स्वतः बांधले नव्हते, विकत घेतले होते. आपण बांधतो तेव्हा पुढच्या मालकाचाही विचार आपल्याच पानात वाढलेला असतो.

चौथी: नाक वर, डबा आणि घड्याळ

एवढा एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा. ही तपासणी पहिल्या उड्डाणाआधीच झालेली असायला हवी. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांतल्या बहुतेकांनी ती एकतर केली नव्हती किंवा सपाट विमानावर केली होती.

अमेरिकेच्या विमान-नियामक संस्थेने, एफएएने, हौशी विमानबांधणाऱ्यांसाठी काढलेल्या चाचणी-पुस्तिकेत, एसी 90-89 मध्ये, साधा हिशेब आहे. पूर्ण शक्तीवर दर अश्वशक्तीला तासाला 0.55 पौंड, म्हणजे जवळपास 250 ग्रॅम इंधन धरा. गुरुत्वावर चालणाऱ्या यंत्रणेने याच्या 150 टक्के आणि पंपावर चालणाऱ्या यंत्रणेने 125 टक्के प्रवाह दिला पाहिजे. 100 अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला 25 किलो, म्हणजे सुमारे 35 लिटर. मिनिटाला 580 मिलिलिटर. गुरुत्वावर मिनिटाला 870 आणि पंपावर 725 मिलिलिटर मिळाले तर पास. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात टेक-ऑफचा खप दिलेला असेल तर तो आकडा घ्या.

काम उघड्यावर, आग विझवण्याचे साधन हाताशी ठेवून, दोघांनी मिळून करायचे. डबा धातूचा, आणि डबा व विमान तारेने एकमेकांना जोडलेले. मागचे चाक खड्ड्यात उतरवून किंवा पुढचे चाक उतरंडीवर चढवून नाक तुमच्या सर्वांत उभ्या चढाईच्या कोनाहून थोडे अधिक वर करा. कोन मोजा, डोळ्याने ठरवू नका. चाकांना ठोकळे, शेपटीला दोर.

नळी कार्ब्युरेटरच्या तोंडापासून सोडवा आणि तिचे टोक त्याच उंचीवर धरा. इथे सगळे फसतात. डबा जमिनीवर ठेवून नळी खाली सोडली की दोन-अडीच फूट उंची फुकटात मिळते आणि आकडा छान येतो. टोक कार्ब्युरेटरच्या पातळीलाच हवे. टाकीचे झाकण लावलेले आणि व्हेंट उड्डाणात असते तसेच. मिनिटभर मोजून थांबू नका. चार-पाच मिनिटे वाहू द्या आणि प्रत्येक मिनिटाचा आकडा लिहा. आकडा मिनिटागणिक उतरत गेला तर टाकीला श्वास मिळत नाही.

हे दोनदा करा. एकदा टाकीत अगदी थोडे इंधन असताना, कारण तेव्हा उंची सर्वांत कमी असते आणि टाकीतले इंधन बाहेर जाण्याचे तोंड उघडे पडण्याची भीती सर्वांत जास्त. दुसऱ्यांदा भरलेल्या टाकीने, कारण वर हवेला जागा कमी असली की बंद व्हेंटचा परिणाम लवकर दिसतो. थोड्या इंधनावरची चाचणी धार तुटेपर्यंत चालू ठेवा. आधी धार बारीक होते, मग तिच्यात एक बुडबुडा येऊन नळी 'गुडुप्' करते, मग पुन्हा धार, पुन्हा बुडबुडा. हा पहिला बुडबुडा आला त्या क्षणी टाकीत जे उरले ते या कोनात वापरता न येणारे इंधन. ते मोजा, पत्र्याच्या पट्टीवर लिहा आणि झाकणाशेजारी लावा. मग दुसरी टाकी. डाव्या टाकीचा आकडा उजवीला लागू होत नाही, नळीची वळणे वेगळी असतात.

आकडा कमी आला तर अडथळा शोधायची पद्धत साधी आहे: टाकीकडे एकेक जोड मागे जात तिथे मोजा. जिथे प्रवाह एकदम सुधारतो, त्याच्या पुढच्या, कार्ब्युरेटरकडच्या, तुकड्यात दोष आहे. काटकोनी एल्बो एकापाठोपाठ एक तीन असतील तर तेच कारण असू शकते. नळीला मोठा बाक देऊन ते कमी करा. रबरी होज असेल तर ती काढून प्रकाशाकडे धरून आतून बघा. फिटिंग घुसवताना आतला थर खरवडला गेला तर त्याची जीभ लोंबते आणि प्रवाहाच्या जोराने वाट बंद करते. बाहेरून ती होज नवीकोरी दिसते.

पाचवी: शोषणाच्या बाजूची हवा

पंप असलेल्या, खाली पंख असलेल्या विमानांसाठी. टाकी ते पंप ही नळी शोषणाखाली असते. तिथला ढिला जोड इंधन बाहेर सोडत नाही, हवा आत घेतो, त्यामुळे खाली एकही थेंब दिसत नाही आणि आपण सांध्यांवर संशय घेत नाही. पंपाच्या आधी तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडा, पंप चालवा आणि बघत बसा. बुडबुड्यांची माळ दिसली तर टाकीच्या बाजूने एकेक जोड घट्ट करत या. सिलेक्टरची ओ-रिंग पहिल्यांदा तपासा: विमान बांधायला वर्षे लागतात, आणि सुरुवातीला विकत घेतलेला व्हॉल्व्ह पहिल्या उड्डाणापर्यंत फळीवर कोरडा पडून असतो. तपासणीनंतर पारदर्शक तुकडा न विसरता काढा. त्यावर लाल चिंधी बांधून ठेवा.

सहावी: वाफ

दुसऱ्या उड्डाणातच त्रास होत असेल तर इथे या. इंजिन बंद केल्यावर काउलिंगखाली वारा थांबतो आणि सगळी उष्णता नळ्यांत आणि पंपात शिरते. इंधनाची वाफ होते, पंप द्रव ओढतो तसा वाफेला ओढू शकत नाही. मोटारीचे पेट्रोल विमानाच्या 100 एलएलपेक्षा लवकर वाफ धरते, म्हणून ते वापरणाऱ्यांनी जास्त जपावे. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या, फायर स्लीव्ह (आगरोधक वेष्टन) घाला, इंजिनाच्या पंपावर थंड हवेची झोत-नळी सोडा. विजेचा पंप फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) पुढे बसवला असेल तर तो टाकीजवळ, थंड जागी हलवा, म्हणजे तो ओढण्याऐवजी ढकलेल. दाबाखालचे इंधन सहज वाफ होत नाही. हे काम दोन-तीन दिवसांचे आहे, म्हणून इतक्या खाली ठेवले.

कुठे थांबायचे

कार्ब्युरेटर स्वतः उघडू नका. तोंडावरची जाळी साफ करण्यापर्यंत ठीक. फ्लोटची पातळी, नीडल आणि सीट हे इंजिन-मेकॅनिकचे काम आहे. तिथला दोष असा असतो की बाकावर बरोबर वाटतो आणि हवेत दगा देतो. इंजिनावरच्या पंपाच्या पडद्याचेही तेच.

पापुद्रे सुटणारी किंवा मऊ पडलेली टाकी जाणकाराला दाखवा. धातूच्या रिकाम्या टाकीला डाग द्यायचा विचार मनातही आणू नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त स्फोटक असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे: डबा-घड्याळात आकडे पास, गाळण्या स्वच्छ, तरीही बांधून ठेवलेल्या विमानावर इंजिन गुदमरत असेल, तर तुम्ही चुकीच्या यंत्रणेत शोधताय. तिथून पुढे अनुभवी मेकॅनिक हवा. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला हात थरथरत असतील तर त्या प्रकारच्या विमानाचा सराव असलेला वैमानिक बोलवा. स्वतः बांधले म्हणून पहिले स्वतःच उडवले पाहिजे असा नियम कुठेही नाही.

दुरुस्तीनंतर

नाक वर, शेपूट बांधलेली, विजेचा पंप बंद, पूर्ण शक्ती. तापमानाच्या मर्यादेत राहून पूर्ण दोन मिनिटे. काटा हलता कामा नये. मग विजेचा पंप चालू करून पुन्हा. काउलिंग लावूनच हे करा, नाहीतर इंजिन तापेल.

उड्डाण शांत हवेत, लांब धावपट्टीवर, एकट्याने. धावपट्टी सोडायच्या आधी मोठ्याने म्हणा: इंजिन बसले तर नाक खाली, समोरच उतरणार. मागे वळायचे नाही. कमी उंचीवर वळताना वेग जातो, पंख स्टॉल होतो, म्हणजे उचल सोडतो, आणि त्यातून सावरायला खाली जागा नसते. उचलल्यावर थोडे सपाट, जास्त वेगाने चढा, म्हणजे नाक फार वर जाणार नाही. विमानतळावरच गोल फिरत दोन-तीन हजार फूट गाठा आणि तिथे, खाली धावपट्टी दिसत असताना, उभी चढाई करून बघा. काटा स्थिर राहिला तर उतरा, झाकण उघडून कान द्या, गाळणी उघडा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टाकीवर हेच सगळे पुन्हा.